‘मला वेल नाही’, म्हणजे जीभ तोंडात नेमकं करते काय

आमच्या घरी मागच्या महिन्यात एक वाक्य फार गाजलं. आजीनं चिऊला जेवायला हाक मारली आणि चिऊनं खेळण्यातून मान पण वर न करता सांगितलं, "आजी, मला आत्ता वेल नाही." आजी कशाला सोडते, म्हणाली कसली वेल गं, कारल्याची का दोडक्याची? सगळे हसले, आणि चिऊ जी रडायला लागली ती वरण गार होईपर्यंत थांबली नाही.

चिऊ माझी मुलगी, सहा वर्षांची. जन्म इंदूरचा, शाळेत हिंदी, खाली खेळायला गेली की हिंदी, घरी मराठी पण तीही आमची इंदुरी मराठी, अर्धं वाक्य मराठीत सुरू होतं आणि क्रियापदापर्यंत पोचता पोचता हिंदीत संपतं. तिच्या तोंडातून ळ चा ल होतो. शाला, कमल, डोला, सगळं. माझ्या आईचं निदान ठरलेलं आहे, पोरीची जीभ जड आहे, बाळगुटीत वेखंड नीट उगाळलं नाही तुम्ही लोकांनी.

मला ते पटेना, कारण हीच पोरगी जिन्यात उभी राहून "ए पकड़ पकड़, सड़क पे मत जा" असं ओरडते आणि त्यातला ड़ इतका खणखणीत असतो की काय सांगू. जीभ जड असती तर हा ड़ आला कुठून? मग मी जरा वाचायला लागलो, आरशासमोर तोंड वेडीवाकडी करून बघायला लागलो (बायकोला आता सवय झालीये) आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवतो, कारण इंदूर-ग्वाल्हेरकडच्या बऱ्याच मराठी घरांत हाच सीन चालू असणार.

आधी जीभ. आपल्याला आरशात दिसतं ते फक्त पुढचं पातं, बाकी मोठा गठ्ठा मागे घशापर्यंत असतो. त्यात हाड नाही. नुसते स्नायू, काही जिभेच्या आतल्या आत उभे-आडवे विणलेले जे तिचा आकार बदलतात, आणि काही बाहेरून जबड्याला, कवटीला आणि गळ्यातल्या एका छोट्या कमानीसारख्या हाडाला बांधलेले, जे तिला पुढे-मागे, वर-खाली ओढतात. हत्तीच्या सोंडेची आणि ऑक्टोपसच्या हातांची रचना पण अशीच, एका जागी दाबलं की दुसरीकडे फुगणार, कारण आतला माल तेवढाच राहतो. म्हणून जीभ एकाच वेळी टोक वर, मधला भाग खाली आणि कडा दातांना टेकवलेल्या असं काहीही करू शकते. आणि हे सगळं भयंकर वेगानं, आपण साधं गप्पा मारताना सेकंदाला दहा-पंधरा आवाज काढतो. लक्ष देऊन करायला गेलं तर जमणार नाही, सायकलवर पेडलचा विचार करायला लागलं की पडतो ना, तसं.

आता जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागच्या बाजूला लावा आणि तिथून हळूहळू मागे सरकवत न्या. आधी दात, मग हिरडीचा एक उंचवटा, त्याच्या मागे एकदम घुमटासारखं वर गेलेलं कडक टाळू, आणि अजून मागे जमलं तर मऊ, लिबलिबीत टाळू, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. बस, एवढाच रस्ता आहे. बोलताना फुप्फुसातून हवा येते आणि जीभ या रस्त्यावर कुठेतरी तिला अडवते. कुठे अडवली आणि कशी अडवली, यावर कुठलं व्यंजन निघणार ते ठरतं.

आणि हा रस्ता आपल्याला पहिलीतच पाठ करायला लावलेला असतो, फक्त कुणी सांगत नाही की हा नकाशा आहे म्हणून. क ख ग घ म्हणा, जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला चिकटतो. च छ ज झ, जिभेचं पातं कडक टाळूपाशी. ट ठ ड ढ, टोक वर वळून उंचवट्याच्या मागे. त थ द ध, टोक सरळ दातांवर. प फ ब भ, जिभेला सुट्टी, ओठांचं काम. म्हणजे घशाकडून ओठांकडे ओळीनं चालत आलेली यादी आहे ही. (खरं तर आज आपण जसं बोलतो त्यात च आणि ट जवळजवळ शेजारीच लागतात, फरक जिभेचा कुठला भाग लागला याचा, पण ते असो.) वेदांचा उच्चार बिघडू नये म्हणून ज्यांनी शिक्षा आणि प्रातिशाख्य नावाचे ग्रंथ रचले त्यांनी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या काळात, कुठलंही मशीन नसताना, नुसतं स्वतःच्या तोंडात लक्ष देऊन हे शोधलं. जिथे टेकायचं ते स्थान, जे टेकतं ते करण, आणि टेकायचा प्रकार म्हणजे प्रयत्न. आजचा आंतरराष्ट्रीय ध्वनितक्ता बघितला तर तोही याच तत्त्वावर उभा आहे, फक्त ते ओठांकडून घशाकडे जातात.

यात मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? क, ख, ग, घ या चारींना जीभ एकच काम करते. अगदी तेच. जीभ मागे टेकवली आणि सोडली. फरक दुसरीकडे आहे. तळहात तोंडासमोर धरा आणि ‘टक’ म्हणा, मग ‘ठक’ म्हणा, दुसऱ्या वेळी हवेचा झोत हाताला लागेल, ते महाप्राण. मग गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून क आणि ग म्हणा, ग ला आत थरथर सुरू होते, ते घोष. आणि कुजबुजताना ही थरथर बंद असते, म्हणून कुणाच्या तरी कानात हळूच ‘गाय’ म्हणा, तो म्हणेल ‘काय’ काय?

तसंच नाकाचं. ङ, ञ, ण, न, म मध्ये तोंड बंदच असतं पण मऊ टाळू खाली लोंबतं आणि हवा नाकातून जाते. नाक चिमटीत गच्च धरून ‘मामा’ म्हणायचा प्रयत्न करा, ‘बाबा’ होतो. चिऊला हा प्रयोग इतका आवडला की दोन दिवस तिनं मला मामा करून टाकलं. आणि ते ङ, ञ कशाला आहेत वर्णमालेत, कुठे वापरतो आपण, हा शाळेतला प्रश्न आठवतो? रोज वापरतो. अंक, अंजीर, अंडं, अंतर, आंबा, हे पाच शब्द म्हणा आणि अनुस्वाराच्या क्षणी जीभ कुठे आहे ते बघा, प्रत्येक वेळी पुढच्या अक्षराच्या जागेवर आधीच जाऊन बसलेली असते, फक्त आंब्याला तेच काम ओठ करतात. कागदावर एकच टिंब, तोंडात पाच वेगळ्या गोष्टी.

इथपर्यंत जे आवाज आले त्यात रस्ता पूर्ण बंद होतो. पण जीभ अर्धवट पण अडवते. स म्हणताना तिच्या मधोमध एक पन्हळ पडते आणि हवा त्यातून सुसाट जाऊन दातांवर आपटते, ती शिट्टी म्हणजे स. पन्हळ रुंद करून जरा मागे नेली की श. (पोटफोड्या ष साठी जीभ ट सारखी वळवायची असं लिहिलेलं आहे, पण मला आजपर्यंत ‘षटकोन’ खरंच तसा म्हणणारा माणूस भेटला नाही, सगळे श च म्हणतात, मी पण.) र ला टोक उंचवट्याला फटकन एक टिचकी मारतं, आणि रागावून ‘अर्रर्र’ म्हटलं की तेच टोक हवेच्या जोरावर झेंड्यासारखं फडफडतं, ते फडफडणं आपण स्नायूनं करत नाही, हवा करते. म्हणूनच मुलांना र उशिरा येतो, टोक पुरेसं सैल पण हवं आणि जागेवर पण हवं. तोपर्यंत रिक्षाची लिक्षा. आणि काकूची तातू का होते? कारण क ला जिभेचा मागचा जड भाग उचलावा लागतो, टोक उचलणं लहान मुलांना सोपं पडतं, मग ती हवा अडवतात बरोबर पण पुढच्या स्टॉपवर.

आता ल. ल ला टोक वर टेकलेलं असतं, मग हवा जाते कुठून? बाजूनं. ल म्हणायच्या पोझिशनमध्ये थांबा, आवाज नका काढू, आणि तशीच हवा आत ओढा. जिभेच्या कडेला गार लागेल. स च्या पोझिशनमध्ये ओढली तर गार मधोमध लागतं. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग आहे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये पण करता येतो, कुणाला कळत नाही.

आणि आता आपल्या मूळ भांडणाकडे येऊ, ळ. ळ ला टोक मागे वळतं, टाळूला लागून झटकन पुढे पडतं, आणि त्या वेळी कडा मोकळ्या असतात, हवा ल सारखी बाजूनं निसटते. मग ड़ ला काय होतं? टोक मागे वळतं, टाळूला लागून झटकन पुढे पडतं. तेच! फरक एवढाच की ड़ ला कडा वरच्या दाढांना चिकटलेल्या असतात. म्हणजे ‘सड़क’ म्हणणारी चिऊ दिवसातून शंभर वेळा ळ च्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. ड़ चं वळण तिच्याकडे आहे, ल च्या मोकळ्या कडा पण तिच्याकडे आहेत, दोन्ही एकाच वेळी करायला तिच्या हिंदीनं तिला कधी सांगितलंच नाही कारण हिंदीत त्याची गरज नाही. जीभ जड वगैरे काही नाही.

हे ड आणि ळ चं शेजारपण जुनं आहे बरं का. ऋग्वेदाचा पहिलाच मंत्र ‘अग्निमीळे’ असा सुरू होतो, हेच क्रियापद नंतरच्या संस्कृतात ‘ईडे’ असं येतं. वेदपाठात दोन स्वरांच्या मधला ड हा ळ होऊन जायचा. आपला मराठी ळ मात्र बहुतेक ठिकाणी ल पासून आलाय, फल चं फळ, कमल चं कमळ, काल चा काळ, आणि तोही दोन स्वरांच्या मध्येच. म्हणून अस्सल मराठीत ळ नं सुरू होणारा शब्द नाही, शोधून बघा.

इंदुरात तर याचे नमुने बोर्डांवर लिहिलेले आहेत. होळकर घराणं मूळचं नीरा नदीकाठच्या होळ गावचं म्हणून होळकर, आणि त्यांच्याच शहरात त्यांच्या नावातला ळ पडून गेला, स्टेडियम होलकर, सायन्स कॉलेज होलकर. राजवाड्याचं तर अजून मजेशीर आहे, हिंदीत लोक राजबाड़ा म्हणतात, म्हणजे व ला दात ओठाच्या जवळ न्यायचे त्याऐवजी दोन्ही ओठ मिटले आणि झाला ब, आणि ड च्या खाली टिंब आलं. टिंबाचं मात्र काही मनावर घेऊ नका, आपण मराठीत वाडा, घोडा म्हणतो तेव्हा आपला पण ड असाच निसटता असतो, फक्त आपण टिंब देत नाही.

मग जिभेला येत असून चिऊला ळ का जमत नव्हता? इथे कान मध्ये येतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी १९८४ साली एक संशोधन छापलं, आणि त्यात चक्क आपले हिंदीचे ट आणि त वापरले होते. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता, आणि दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो गेला, कारण घरात त्याचा उपयोगच नाही. म्हणजे बाळ सगळे दरवाजे उघडे ठेवून येतं आणि जे लागत नाहीत ते हळूहळू लोटून घेतं. कायमचे बंद होतात असं नाही, पण नंतर जोर लावावा लागतो. आपलं पण तसंच झालंय, इंग्रजी टी चा उच्चार उंचवट्यावर होतो, ना धड दातांवर ना धड मागे, आपल्या कानाला तो ट वाटला आणि आपण टेबल, टॅक्सी, डॉक्टर करून मोकळे झालो. आणि सगळ्यांचा ट पण एक नसतो. पीटर लॅडेफोगेड आणि पेरी भास्करराव यांनी १९८३ मध्ये दाखवलं की हिंदी बोलणारे ट वर्गाला जिभेचं टोक लावतात आणि तमिळ, तेलुगू बोलणारे तीच जीभ इतकी मागे वळवतात की टोकाची खालची बाजू टाळूला लागते.

माझी ताई बडोद्याला असते, तिचा मुलगा दिवाळीत आला होता. त्याचा ळ एक नंबर. आई लगेच म्हणाली बघ, याला येतं. अगं पण त्याच्या गुजरातीत ळ आहे ना, मळवुं, काळो, दिवसभर तेच ऐकतो तो. त्याचं गाडं दुसरीकडे अडतं, तो ‘चांगला’ मधला च ‘चिमणी’ मधल्या च सारखा म्हणतो. आपल्या मराठीत दोन च आहेत हे आपल्याला सांगेपर्यंत लक्षात पण येत नाही. चाक, चोर, चूक, चव, यात टोक दातांच्या मागे लागतं, साधारण त्स सारखं. चिमणी, चीक, चेहरा, यात पातं टाळूला लागतं. ‘त्याचा’ म्हणा आणि मग ‘त्याची’ म्हणा, एकच प्रत्यय आहे पण जीभ जागा बदलते. का, तर ई म्हणायला जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलावाच लागतो, मग च पण म्हणतो मी तिकडेच येतो, कुठे दोन फेऱ्या मारायच्या. माझा-माझी चं पण तेच. सगळीकडे मात्र असं हिशोबात बसत नाही, ‘चार’ आकडा टाळूवर आणि ‘गुरांना चार’ (म्हणजे चारा घाल) म्हटलं की दातांवर, लिहायला अगदी सेम. क सुद्धा असाच हलतो, ‘की’ आणि ‘कू’ म्हणायच्या ठीक आधी थांबून बघा, की ला जीभ बोटभर नाही पण चांगली पुढे असते.

तर ळ चं शिकवणं. मी दोन युक्त्या केल्या. पहिली, ल लांबवायचा, लललल, आणि आवाज चालू ठेवून टोक टाळूवरून मागे मागे सरकवत न्यायचं, एका जागी आवाज एकदम जाडसर होतो, तो ळ चा इलाका. दुसरी, सड़क सड़क म्हणत म्हणत कडा ढिल्या सोडायच्या. दुसरी तिला पटकन जमली, पहिलीला हसूच येत होतं.

मध्येच कोको पावडरचा प्रयोग पण झाला. ध्वनीवाले लोक पूर्वी जिभेला तेलात कालवलेली कोळशाची पूड लावून एकच शब्द म्हणायला लावायचे आणि मग छोटा आरसा तोंडात धरून टाळूवर डाग कुठे पडला ते बघायचे. आता त्यासाठी टाळूवर बसवायची पातळ पट्टी मिळते, एका प्रसिद्ध प्रकारात त्यावर ६२ इलेक्ट्रोड असतात आणि जीभ लागली की कॉम्प्युटरवर ठिपके पेटतात, शिवाय आता बोलत्या माणसाचा एमआरआयचा व्हिडिओ पण काढतात. आमच्याकडे कोको होता. जीभ कोरडी करून लावायचा, एकदा ‘आटा’ म्हणायचं, आ करायचं आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघायचं. मग चूळ भरून ‘आता’. आटाचा डाग मागे, आताचा दातांवर, इतकं स्वच्छ दिसतं की विश्वास बसत नाही. जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) वापरू नका, आम्ही मूर्खपणा केलाय.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, मूल जीभ वर उचलून उंचवट्याला टेकवूच शकत नसेल, किंवा जिभेखालचा पडदा आखूड दिसत असेल, किंवा बोलणं बाहेरच्यांना कळतच नसेल, तर वेखंड आणि युट्यूब दोन्ही सोडून डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टला दाखवायचं. चिऊचं तसं काही नव्हतं.

मग आईनं मनावर घेतलं, रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. आधी मला वाटायचं हे नुसतं गंमतीचं आहे, पण यात जिभेला र साठी पुढे टिचकी आणि ळ साठी मागे वळण, पुढे-मागे, पुढे-मागे, श्वास घ्यायला पण जागा नाही, याच्याहून चांगला ड्रिल कुठला थेरपिस्ट देणार. तिसऱ्या आठवड्यात ‘शाळा’ आली. मग ‘डोळा’, ‘बाळ’, आणि एकदा छप्पन दुकानला, म्हणजे आमच्या इंदूरच्या खाऊगल्लीत, उभं राहून बोर्ड वाचता वाचता ‘होळकर’, ते पण स्वतःहून, मी पोहे खाताना थांबलोच.

आता नवीनच झालंय. ळ सापडल्याच्या आनंदात तिनं ल ला घराबाहेर काढलंय. काल रात्री आजीनं नेहमीप्रमाणे जेवायला हाक मारली तर पळत आली आणि म्हणाली, "आजी ळवकर वाढ, मळा खूप भूक ळागळी."